विरघळणारा कोळसा, न विरघळणारी राख

सिल्लेवाडा हे नाव आज नागपूर जिल्ह्यात निघालं की पाठोपाठ वेकोलिची, म्हणजे वेस्टर्न कोलफील्ड्सची, खाण आठवते. खापरखेडा, वलनी, सिल्लेवाडा, पिपळा, पाटणसावंगी असा हा सावनेर तालुक्यातला, कामठी कोळसाक्षेत्रातला कोळशाचा पट्टा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मात्र सिल्लेवाड्याचं नाव लंडनमध्ये छापून आलं ते कोळशासाठी नव्हे, झाडाच्या पानांसाठी. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी १८४५ मध्ये नागपुरात आले. तेव्हा इथे अजून भोसल्यांचं राज्य होतं. धर्मप्रसार आणि शाळा हे त्यांचं मुख्य काम. पण वेळ मिळाला की ते हातोडी घेऊन कामठीच्या आसपासच्या दगडखाणींकडे वळत. सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासह नागपूर परिसराच्या भूशास्त्रावर त्यांनी लिहिलेला निबंध १८५५ मध्ये प्रसिद्ध झाला. सिल्लेवाडा, कामठी, बोखारा, भरतवाडा इथल्या वालुकाश्मात सापडलेली दगडी पानं त्यांनी विलायतेला पाठवली आणि १८६१ मध्ये चार्ल्स बनबरी यांनी त्यांचं शास्त्रीय वर्णन छापलं. जिभेच्या आकाराची, मधोमध ठसठशीत शीर असलेली ही पानं म्हणजे ग्लॉसॉप्टेरिस.

हे थर ज्युरासिक काळातले की त्याहून जुने, यावर त्या वेळी विद्वानांत जोराची भांडणं झाली. आज आपण त्यांना पर्मियन म्हणतो, म्हणजे साधारण पंचवीस कोटी वर्षांपूर्वीचे. त्या दगडाला ‘कामठी’ हेच नाव मिळालं आणि भारतभरच्या भूशास्त्राच्या पुस्तकांत ते अजून टिकून आहे. गंमत अशी, की हिस्लॉप ज्या दगडावर उभे राहून पानं गोळा करत होते त्याच्याच खाली बराकर नावाच्या थरांतला कोळसा दडलेला होता. वर कामठीचा वालुकाश्म आणि त्यावर नदीचा गाळ असल्याने तो डोळ्यांना दिसण्यासारखा नव्हता. पुढे बोअर घातले गेले तेव्हा त्याचा विस्तार कळला. हिस्लॉप १८६३ च्या सप्टेंबरमध्ये टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना बोरीजवळच्या नाल्याला आलेल्या पुरात वाहून गेले. नागपूरच्या कॉलेजला त्यांचं नाव नंतर दिलं गेलं.

हिस्लॉप पानं गोळा करत होते त्याच सुमारास, १८६० च्या आसपास, फ्रान्समध्ये द मार्सिली नावाचे खाण-अभियंते कोळशाची पूड बाटलीत घालून तिच्यावर एकेक द्रव ओतून पाहत होते. अल्कोहोल, ईथर, बेन्झीन, क्लोरोफॉर्म. बहुतेक द्रवांना किंचित रंग यायचा, थोडंसं काही सुटायचं, बाकीचा कोळसा तळाशी तसाच. कोळसा हा दगडच असता तर काहीच सुटलं नसतं. डांबरासारखा एकजिनसी पदार्थ असता तर सगळाच विरघळला असता. दोन्ही झालं नाही, आणि या अर्धवट उत्तरापासून दीडशे वर्षांचा एक शोध सुरू झाला. त्याची कथा न्यूकॅसल, बोट्रोप, सेंदाई आणि दिल्लीमधून जाते. खापरखेड्याच्या वीज केंद्राला ती आजवर पोचलेली नाही. ती का पोचली नाही, याचा हा लेख.

खरी वाट सापडली न्यूकॅसलला. तिथल्या कॉलेजात फिलिप्स बेडसन हे रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. १८९९ मध्ये त्यांनी पिरिडिन वापरलं. पिरिडिनचा वास एकदा नाकात बसला की दिवसभर जात नाही. सडक्या मासळीची आठवण करून देणारा. हे द्रव्य त्या काळी कोळशाच्याच डांबरातून काढत. म्हणजे कोळशापासून निघालेल्या द्रवानेच कोळसा फोडायचा. आणि तो फुटलाही. काही बिटुमिनस कोळशांचा मोठा हिस्सा काळ्या-तपकिरी द्रावणात उतरला, आणि उरलेली पूड बाटलीत फुगून बसली.

यापुढचं काम निव्वळ जिज्ञासेपोटी झालं असं मानायचं कारण नाही. १० मार्च १९०६ रोजी फ्रान्समधल्या कूरिएर इथल्या खाणीत कोळशाच्या धुळीचा स्फोट झाला आणि १०९९ माणसं मेली. कोळशाची धूळ पेट का घेते, तिच्यातला कोणता भाग आधी वायू सोडतो, हे कळणं मग सरकारांची गरज बनली. इंग्लंडमध्ये धुळीच्या स्फोटांच्या सरकारी चाचण्यांचं काम रिचर्ड व्हर्नन व्हीलर यांच्याकडे आलं. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी १९११ ते १९१३ या काळात कोळशाचे पिरिडिनने दोन भाग केले, सुटलेला अर्क पुन्हा क्लोरोफॉर्मने फोडला, आणि तीन वाटे केले: आल्फा, बीटा, गॅमा. पिरिडिनमध्ये न विरघळणारा चोथा तो आल्फा. पिरिडिनमध्ये विरघळतो पण क्लोरोफॉर्ममध्ये नाही तो बीटा. दोन्हींत विरघळतो तो गॅमा.

यात एक निष्कर्ष फार कामाचा निघाला. कोक बनवायच्या कोळशातून गॅमा काढून घेतला की उरलेला कोळसा तापवल्यावर लगदा होऊन चिकटत नाही, नुसता भुगा राहतो. पोलादाच्या भट्टीला लागणारा कोक ज्या गुणावर उभा असतो, तो गुण कोळशाच्या एका लहानशा, विरघळणाऱ्या हिश्शात होता. द्रावकाने कोळशाचं काय होतं, या प्रश्नाला उद्योगाच्या दृष्टीने किंमत आली ती इथून.

व्हीलर यांच्यासोबत १९१८ मध्ये कोळशाच्या घटनेवरचा प्रबंध लिहिणाऱ्या बाईंचं नाव मराठी वाचकाला वेगळ्याच संदर्भात माहीत असेल. मेरी स्टोप्स. त्या मुळात वनस्पती-जीवाश्मांच्या अभ्यासक. कोळशाच्या तुकड्यातले डोळ्यांना दिसणारे चार घटक त्यांनीच १९१९ मध्ये नावं देऊन वेगळे केले: विट्रेन, क्लॅरेन, ड्यूरेन, फ्यूसेन. आणि त्याच स्टोप्स यांनी १९२१ मध्ये लंडनमध्ये संततिनियमनाचं केंद्र उघडलं. त्याच साली मुंबईत रघुनाथ धोंडो कर्वे यांनीही तसंच केंद्र सुरू केलं. कर्व्यांच्या चाहत्यांना स्टोप्स यांचं कोळशावरचं काम क्वचितच ठाऊक असतं, आणि कोळशाच्या अभ्यासकांना त्यांचं दुसरं आयुष्य. मला ही दुहेरी विस्मृती नेहमी मजेशीर वाटत आली आहे.

स्टोप्स यांची विभागणी आपल्या कोळशासाठी फार महत्त्वाची आहे. विट्रेन म्हणजे चकचकीत काळा पट्टा, लाकडाचा मऊ, जेलीसारखा कुजून घट्ट झालेला भाग. तो द्रावकात चांगला उतरतो. फ्यूसेन म्हणजे बोटाला काळं लावणारा, जळक्या लाकडासारखा भाग, आणि तो बहुतांशी खरोखरच पुरातन वणव्यांतल्या कोळशासारखा जळलेला आहे. त्याचा द्रावकाशी जवळजवळ काहीच संबंध नाही. युरोप-अमेरिकेतले कार्बोनिफेरस काळातले कोळसे उष्ण दलदलीत तयार झाले, त्यांत विट्रेनच्या जातीचा भाग जास्त. आपले गोंडवनी कोळसे थंड हवामानात, ग्लॉसॉप्टेरिसच्या रानांत तयार झाले आणि त्यांत न विरघळणारा, जळक्या जातीचा भाग तुलनेने बराच आहे. त्यामुळे न्यूकॅसलच्या बाटलीतलं उत्तर कामठी कोळसाक्षेत्राला जसंच्या तसं लागू पडत नाही.

दुसरा फरक राखेचा. युरोपातल्या कोळशात माती-दगड बहुतेकदा पट्ट्यापट्ट्यांनी असतात; फोडून, पाण्यात तरंगवून ते वेगळे करता येतात. आपल्याकडचा वनस्पतींचा गाळ पुष्कळसा वाहत आलेला, आणि त्यासोबत वाहत आलेली बारीक माती त्यात मिसळून गेलेली. शेंगदाण्यातला खडा निवडता येतो. दळणात गेलेला खडा पिठातून निवडता येत नाही. औष्णिक केंद्रांकडे येणाऱ्या कोळशात राख तीस ते चाळीस टक्क्यांच्या घरात असते ती यामुळे, आणि वॉशरीत धुऊनही ती फारशी हलत नाही तीही यामुळेच.

मग द्रावकाकडे पाहायला कारण होतं. द्रावक पिठालाच विरघळवतो. माती, सिलिका, लोह हे सगळं चोथ्यात मागे राहतं. पाण्याने माती काढायची, की रसायनाने कोळसाच मातीतून बाहेर काढायचा, हा तो पर्याय. तत्त्वतः दुसरा उपाय भारतीय कोळशासाठीच शोधला असावा इतका चपखल आहे.

आणि त्यासाठी लागणारी माणसं नागपूरजवळ नव्हती असंही नाही. कामठीचे रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण मँगनीजच्या खाणींतून श्रीमंत झाले. १९३० मध्ये ते वारले तेव्हा त्यांच्या मृत्युपत्रातून नागपूर विद्यापीठाला उपयोजित विज्ञानाच्या शिक्षणासाठी सुमारे ३५ लाख रुपये मिळाले. त्या काळातले ३५ लाख. त्या देणगीतून १९४२ मध्ये लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था उभी राहिली, आपली एलआयटी. खाणीतून आलेला पैसा रसायनशास्त्राकडे वळवावा, हे नागपुरात एका खाणमालकाला सुचलं होतं, आणि ते कोळशाच्या पट्ट्यापासून काही मैलांवर. देशपातळीवर धनबादजवळ केंद्रीय इंधन संशोधन संस्थेची पायाभरणी नोव्हेंबर १९४६ मध्ये झाली आणि २२ एप्रिल १९५० रोजी राजेंद्रप्रसादांच्या हस्ते तिचं उद्घाटन. पुढे तिचं एक केंद्र नागपुरातही आलं. भारतीय कोळशाची थराथराची मोजणी, राख, ओलावा, उष्मांक, धुण्याची क्षमता, हे सगळं या संस्थेने चिकाटीने केलं.

पण याच वर्षांत खापरखेड्याला वेगळा निर्णय होत होता. नागपूर तेव्हा मध्य प्रदेशाची राजधानी. कापसाच्या गिरण्या, छापखाने, विस्तारत जाणारं शहर, आणि विजेची टंचाई. कोलार आणि कन्हान या नद्यांचं पाणी आणि पायाखाली कोळसा. खापरखेड्याला औष्णिक केंद्र उभं राहिलं ते स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्याच दशकात, छोट्या संचांचं. १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, वीज मंडळ झालं आणि हे केंद्र मंडळाकडे आलं. कोळसा वेगळा करायचा, त्याचा अर्क काढायचा, हा विचारच त्या क्षणी कुणाच्या टेबलावर असण्याचं कारण नव्हतं. वीज हवी होती, आणि ती लवकर हवी होती. कोळसा दळा, फुंका, जाळा, राख पाण्याबरोबर वाहून टाका. हा निर्णय चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. पण राख जाळण्याआधी वेगळी करायची की जाळल्यानंतर, या प्रश्नाचं उत्तर त्या वेळी जे ठरलं ते पुढची सत्तर वर्षं बदललं नाही.

त्याआधी दुनियेत कुठेच कोळसा द्रावकाने मोठ्या प्रमाणावर वेगळा झाला नव्हता का? झाला होता, पण युद्धासाठी. जर्मनीत आल्फ्रेड पॉट आणि हान्स ब्रोशे यांनी टेट्रालिन, फेनॉलच्या जातीची द्रव्यं यांचं मिश्रण घेऊन कोळसा उच्च दाबाखाली, चारशे अंशांच्या आसपास तापवला. थंड बाटलीत जे काम अर्धवट होत होतं ते इथे जवळजवळ पूर्ण झालं, कारण या तापमानाला कोळशाचे रासायनिक बंध तुटतात आणि टेट्रालिन त्या तुटक्या टोकांना आपला हायड्रोजन देऊन पुन्हा जुळू देत नाही. बोट्रोप शहरातल्या वेल्हाइम इथे या पद्धतीचा कारखाना उभा राहिला. गाळून निघालेला अर्क जवळपास राखविरहित. ॲल्युमिनियमच्या भट्ट्यांना लागणाऱ्या इलेक्ट्रोडसाठी असा कार्बन हवाच होता. खर्चाचा हिशेब युद्धकाळात कुणी फार मागत नाही. युद्ध संपलं, मध्यपूर्वेचं स्वस्त तेल आलं, आणि हा उद्योगही संपला.

तरीही बाटलीतला प्रश्न प्रयोगशाळांनी सोडला नाही, आणि इथे मला थोडं थांबायचं आहे, कारण कोळसा म्हणजे नेमकं काय हे आपल्याला द्रावकांनीच शिकवलं. पिरिडिनमध्ये ठेवलेला कोळशाचा तुकडा विरघळायच्या आधी फुगतो, काही कोळसे तर दुपटीहून जास्त. एखादा स्फटिक असा फुगत नाही. फुगते ती जाळी: लांब, एकमेकींत गुंतलेल्या साखळ्यांची. डच अभियंते डी. डब्ल्यू. फान क्रेव्हेलेन यांच्या पुस्तकातून १९६१ नंतर हे चित्र सर्वमान्य झालं. बेन्झीनसारख्या कड्या एकमेकींना चिकटून झालेले छोटे पुंजके, ते मिथिलीन किंवा ऑक्सिजनच्या पुलांनी जोडलेले, आणि सगळ्या रचनेत हायड्रोजन बंधांचे असंख्य कमजोर टाके. पिरिडिन हे टाके उसवतं, स्वतः मध्ये शिरतं, आणि जाळी सैल होते. जाळीत अडकलेले लहान रेणू मग बाहेर निघतात. तो अर्क.

हे खरं असेल तर अर्काचं प्रमाण मर्यादित असायला हवं, कारण मुख्य जाळी तर रासायनिक बंधांनी बांधलेली आहे. पण सगळीच मापं या हिशेबात बसत नव्हती. १९८६ मध्ये ‘फ्युएल’ या नियतकालिकात पीटर गिव्हन, अ‍ॅना मार्झेक आणि इतरांनी यावर चक्क वाद छापला: कोळशात खरोखर असा सुटा, हलता भाग आहे की नाही? दोन वर्षांनी जपानमधल्या सेंदाईच्या तोहोकू विद्यापीठातून मासाशी इइनो यांचं उत्तर आलं. त्यांनी कार्बन डायसल्फाइड आणि एनएमपी, म्हणजे एन-मिथाइल पायरोलिडोन, ही दोन द्रव्यं समान प्रमाणात मिसळली आणि खोलीच्या तापमानाला, कोणताही दाब न देता, काही बिटुमिनस कोळशांचा साठ टक्क्यांहून अधिक सेंद्रिय भाग द्रावणात उतरवला. एकही मजबूत बंध न तोडता इतका कोळसा विरघळत असेल, तर त्याला एकत्र धरणारी शक्ती मुख्यतः कमजोर बंधांचीच असली पाहिजे. जाळी कमी, गर्दी जास्त. या मताला नंतर निशिओका यांच्या कामाने आणखी बळ मिळालं, आणि कोळसा म्हणजे एकच प्रचंड रेणू हे जुनं चित्र मागे पडलं.

अर्क काढल्यानंतर मागे राहिलेला चोथाही बदललेला असतो. द्रावक निघून गेल्यावर त्याची बारीक छिद्रं मोकळी झालेली असतात, पृष्ठभाग वाढलेला असतो, आणि वायूकरणासाठी किंवा दुसऱ्या द्रावकासाठी तो मूळ कोळशापेक्षा बऱ्याचदा जास्त तत्पर असतो. पण त्याचा चिकटपणा गेलेला असतो. शिवाय प्रत्येक वेळी थोडासा द्रावक त्यात अडकून राहतो, तो तापवूनही पूर्ण सुटत नाही. हे शेवटचं वाक्य प्रयोगशाळेत एक तळटीप असतं. कारखान्यात ते सगळा धंदा बुडवू शकतं.

किती बुडवू शकतं ते खापरखेड्याच्या आकड्यांवरच पाहू. जुनं केंद्र बंद होऊन इथे २१० मेगावॅटचे नवे संच आले: पहिला १९८९ मध्ये, दुसरा १९९० मध्ये, तिसरा २००० मध्ये आणि चौथा २००१ मध्ये. २०११ मध्ये पाचवा ५०० मेगावॅटचा. एकूण १३४० मेगावॅट. सगळे संच दिवसभर पूर्ण भाराने चालले तर तीन कोटी वीस लाख युनिटच्या आसपास वीज. एका युनिटला पाऊण किलो कोळसा धरला तर रोज सुमारे चोवीस हजार टन कोळसा. आता या कोळशाचा अर्क काढायचा, आणि एका टनाला अगदी काटकसरीने चार टन द्रावक फिरवायचा असं समजा. रोज शहाण्णव हजार टन द्रव तापवायचा, गाळायचा, परत थंड करून वापरायचा. त्यातला फक्त एक टक्का चोथ्यात अडकून वाया गेला तरी रोजचे ९६० टन रसायन. एनएमपीची किंमत कोळशाच्या कित्येक पट. कार्बन डायसल्फाइडची अडचण वेगळीच: त्याची वाफ शंभर अंशांच्या आसपासच्या गरम पाइपला लागली तरी पेटते. बॉयलरच्या शेजारी त्याची टाकी ठेवायची कल्पना कोणताही सुरक्षा अधिकारी ऐकूनही घेणार नाही.

अमेरिकेने हा हिशेब प्रत्यक्ष करून पाहिला. १९७३ च्या तेलसंकटानंतर तिथे द्रावकाने शुद्ध केलेल्या कोळशाला सरकारी पैसा मिळाला. १९७४ मध्ये अलाबामातल्या विल्सनव्हिलला रोज सहा टनांचा आणि वॉशिंग्टन राज्यातल्या फोर्ट लुईसला रोज पन्नास टनांचा प्रायोगिक कारखाना सुरू झाला. तिथे निघणाऱ्या घन कोळशात राख एक टक्क्याच्याही खाली होती. तांत्रिकदृष्ट्या यश. मोठ्या प्रात्यक्षिक कारखान्याचा खर्च मात्र दर वर्षी फुगत गेला, तेलाचे भाव उतरले, आणि १९८१ नंतर हे मोठे प्रकल्प गुंडाळले गेले. फोर्ट लुईसचे पन्नास टन म्हणजे खापरखेड्याची तीन मिनिटांची भूक.

तरीही जपानने शतक बदलताना पुन्हा प्रयत्न केला. कोबे स्टीलचा ‘हायपरकोल’. या वेळी हायड्रोजन नाही, महागडा द्रावक नाही. कोळशाच्याच डांबरातून मिळणाऱ्या मिथाइल नॅप्थलीनसारख्या तेलात कोळसा तीनशे साठ अंशांच्या आसपास शिजवायचा आणि गरम असतानाच गाळायचा. राख दोनशे पीपीएमच्या खाली आणायची, म्हणजे गॅस टर्बाइनमध्ये थेट जाळता येईल. टर्बाइनचं स्वप्न नैसर्गिक वायूने मागे टाकलं. पण मधल्या काळात एक अनपेक्षित गोष्ट हाती लागली. ज्या कोळशांपासून कोक होत नाही, अगदी सबबिटुमिनस कोळसे, त्यांचा हा अर्क तापवल्यावर भरपूर मऊ होतो आणि कोकसाठीच्या मिश्रणात चालतो. व्हीलर यांचा गॅमा शंभर वर्षांनी पुन्हा उपयोगाला आला, आणि तोही मूळचा चिकटपणा नसलेल्या कोळशातून.

भारतात या वाटेवर सगळ्यात चिवटपणे चालले ते दिल्ली आयआयटीतले डी. के. शर्मा. एनएमपीमध्ये थोडं इथिलीन डायअमीन घातलं तर साध्या वातावरणीय दाबालाच, द्रावकाच्या उकळबिंदूच्या आसपास, भारतीय कोळशांतून चांगला अर्क निघतो, हे त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी आसामच्या आणि इतर कोळशांवर दाखवलं. दाबाची भांडी नकोत, हायड्रोजन नको. पुढे टाटा स्टीलने त्यात रस घेतला आणि जमशेदपूरला प्रायोगिक पातळीवर हे काम नेलं. पोलाद कंपनीला ते परवडण्याची शक्यता होती, कारण तिला कोकयोग्य कोळसा ऑस्ट्रेलियातून आणावा लागतो आणि तो महाग असतो. खापरखेड्याचा कोळसा मात्र खाणीतून जवळच्या बंकरात येतो. स्वस्त वस्तू महाग पद्धतीने शुद्ध करायला कुणी तयार होत नाही, आणि हे वीज केंद्राचं अपयश नाही.

कामठी कोळसाक्षेत्राचा कोळसा या पद्धतींना किती दाद देईल, याचा अंदाज रसायनशास्त्र देतं. पिरिडिनसारख्या द्रावकात सगळ्यात जास्त उतरतात ते कोळसे ज्यांच्या सेंद्रिय भागात कार्बन पंच्याऐंशी टक्क्यांच्या आसपास असतो. इथला कोळसा त्याहून तरुण, ओलावा अधिक, कोक न होणारा. त्यात ऑक्सिजनचं प्रमाण जास्त, म्हणजे हायड्रोजन बंधांचे टाके जास्त. साध्या पिरिडिनला अर्क कमी, पण ते टाके उसवणाऱ्या अमीनच्या मिश्रणाला थोडी संधी. त्यात जळक्या जातीचा भाग वजा. शिवाय हवेत पडून राहिलेला कोळसा ऑक्सिजन घेत जातो आणि त्याची विद्राव्यता घटते. विदर्भाच्या मे महिन्यात साठ्याच्या ढिगात पडलेला कोळसा हा प्रयोगशाळेतल्या ताज्या नमुन्यासारखा राहत नाही, हे सांगायला कुठल्या उपकरणाची गरज नाही. ढिगातून निघणारा धूर ते सांगतो.

दरम्यान सरकारने राखेचा प्रश्न कायद्याने सोडवायचा प्रयत्न केला. १९९७ च्या अधिसूचनेने खाणीपासून हजार किलोमीटरपलीकडच्या केंद्रांना चौतीस टक्क्यांहून जास्त राख नसलेला कोळसा बंधनकारक झाला. २०१४ मध्ये ही मर्यादा टप्प्याटप्प्याने पाचशे किलोमीटरवर आणली. खाणीच्या दारातल्या खापरखेड्याला यातलं काहीच लागू नव्हतं. मग मे २०२० मध्ये ही अटच काढून टाकली गेली. आता नियमाचा सगळा जोर जाळल्यानंतरच्या राखेवर: १९९९ पासून अधिसूचनांवर अधिसूचना आल्या, आणि ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेने राखेचा शंभर टक्के वापर आणि जुन्या साठ्यांचा निपटाराही केंद्रांवर टाकला. सिमेंट, विटा, रस्ते, खाणींचे खड्डे.

वारेगावचा राख तलाव खापरखेड्याच्या लोकांना नवा नाही. उन्हाळ्यात वारा सुटला की घरातल्या भांड्यांवर राख, आणि पावसाळ्यात शेतात आणि नदीकडे जाणारं राखमिश्रित पाणी; या तक्रारी वर्षानुवर्षांच्या. पारशिवनी तालुक्यातल्या नांदगावला नवा राख तलाव सुरू झाला तेव्हा गावकऱ्यांनी आवाज उठवला, आणि २०२२ च्या सुरुवातीला तत्कालीन पर्यावरणमंत्री आदित्य ठाकरे यांनी तिथे जाऊन तिथलं राख सोडणं थांबवायला लावलं. चोवीस हजार टन कोळशात पस्तीस टक्के राख धरली तर पूर्ण भाराच्या एका दिवसाची राख आठ हजार टनांच्या वर जाते. ही राख कुठे तरी ठेवावीच लागते.

द्रावकाने ती नाहीशी होईल असं जर कुणी सांगत असेल तर त्यालाही कागद-पेन्सिल द्यावी. शंभर किलो कोळसा घ्या, ओलावा सोडून द्या, पस्तीस किलो राख, पासष्ट किलो सेंद्रिय भाग. इथल्या कोळशातून त्यातला अर्धा अर्क निघाला, तरी खूप झालं, असं मानू. साडेबत्तीस किलो स्वच्छ अर्क: त्यातून कोकचं मिश्रण होईल, इलेक्ट्रोडचा कार्बन होईल, कदाचित कार्बन फायबरचा कच्चा मालही. कोळसा तसाच विकण्यापेक्षा हा व्यापार कितीतरी बरा. मागे राहतो साडेसदुसष्ट किलो चोथा, ज्यात तीच पस्तीस किलो राख, म्हणजे बावन्न टक्के. खापरखेड्याचे पाचही बॉयलर असलं इंधन घेणार नाहीत. त्यासाठी वेगळ्या धाटणीची, फ्लुइडाइज्ड बेडची भट्टी बांधावी लागेल, आणि तिच्यातून निघणारी राख ठेवायला पुन्हा एखाद्या गावाची जमीन शोधावी लागेल.